ओळखीच्या गर्दीत कॅमेरा घेऊन

तुम्ही लिहिले आहे की तुमचे शहर लहान आहे, गेले वर्षभर तुम्ही तिथल्या रस्त्यांचे आणि सार्वजनिक समारंभांचे फोटो काढत आहात, आणि तरीही दोन अडचणी सुटत नाहीत. एरवी रस्त्यावर कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा माणूस एकतर सावरून उभा राहतो किंवा तोंड फिरवतो. समारंभाच्या दिवशी मात्र कुणाचीच हरकत नसते, पण घरी येऊन पाहिले तर मिरवणुकीचे चारशे फोटो एकमेकांसारखे दिसतात आणि ते शेजारी उभ्या असलेल्या कुणीही काढले असते असे वाटते. शेवटी तुम्ही विचारले आहे की लांबून, कुणाच्या लक्षात न येता टिपता यावे म्हणून ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्स घ्यावी का.

माझे उत्तर आहे की सध्या घेऊ नका. ती लेन्स उत्तम असते आणि तिचा उपयोग कुठे होतो तेही मी पुढे सांगणार आहे. पण तुमची अडचण अंतराची नाही. मोठ्या शहराच्या रस्त्यावर छायाचित्रकार आणि समोरचा माणूस एकमेकांना अनोळखी असतात आणि पुढच्या मिनिटाला कायमचे वेगळे होतात. रस्त्यावरच्या छायाचित्रणाबद्दल आपण जे सल्ले वाचतो, म्हणजे चटकन टिपा, नजर चुकवा, थांबू नका, त्यांतले बहुतेक याच गृहीतावर उभे असतात. लहान शहरात हे गृहीतच लागू होत नाही. ज्याचा फोटो तुम्ही आज त्याच्या नकळत काढला तो उद्या बँकेच्या रांगेत तुमच्या पुढे उभा असतो, नाहीतर तुमच्या भावाच्या मित्राचा काका निघतो. अशा ठिकाणी लांब लेन्स लावून चौकाच्या कोपऱ्यात उभे राहिलात तर तुम्ही लपत तर नाहीच, उलट अधिकच नजरेत भरता, आणि ‘हा लांबून फोटो काढत असतो’ अशी ओळख एकदा चिकटली की ती पुसायला वर्षे लागतात.

लपून टिपण्याची इच्छा नवी नाही. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांनी १९१६ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर माणसांचे फोटो काढताना कॅमेऱ्याच्या बाजूला एक खोटी लेन्स बसवली होती, म्हणजे तो दुसरीकडे रोखला आहे असे समोरच्याला वाटावे. त्यांतले काही फोटो आजही थक्क करतात. पण ती युक्ती लाखोंच्या शहरात चालली. जिथे तुमच्याकडे कोणता कॅमेरा आहे हेही लोकांना ठाऊक असते तिथे ती दोन दिवसही टिकणार नाही. म्हणून माझी सगळी कामाची पद्धत उलट्या बाजूने सुरू होते: आपण ओळखले जाणारच आहोत, तर कशाने ओळखले जायचे ते आपणच ठरवावे.

पुढे जाण्यापूर्वी एक सांगायला हवे. मी जे सांगतो आहे ते मी सुमारे वीस वर्षे एका लहान शहरात काम करताना शिकलो, आणि त्यातले बरेच काही फोटो काढणारा कोण आहे यावर अवलंबून असते. बाई असेल तर काही घरांची दारे सहज उघडतात आणि काही गल्ल्यांत रात्री एकटीने थांबणे अवघड होते. ज्या समाजाचा समारंभ आहे त्या समाजातला माणूस असेल तर त्याला आत प्रवेश असतो, पण काय दाखवावे याचे दडपणही त्याच्यावरच असते. तुम्ही शिक्षक, डॉक्टर किंवा सरकारी नोकर असाल तर लोक तुम्हाला नाही म्हणायला कचरतात, आणि त्यामुळे त्यांच्या होकाराला तुम्ही अधिक जपून पारखले पाहिजे. यातले काय तुम्हाला लागू पडते ते तुम्हीच ठरवू शकता.

आता पहिली अडचण, म्हणजे सावरून उभे राहणारी किंवा तोंड फिरवणारी माणसे. माझा अनुभव असा की माणसे कॅमेऱ्याने बिचकतात त्यापेक्षा अचानकपणाने अधिक बिचकतात. त्यामुळे मी शहरभर फिरत नाही. मी वर्षाला तीन-चार जागा निवडतो, आणि प्रत्येक जागी आठवड्यातल्या एका ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, तासभर थांबतो. कॅमेरा पहिल्या दिवसापासून गळ्यात, सगळ्यांना दिसेल असा असतो, पण पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत मी जवळजवळ फोटो काढतच नाही. उजेड कुठून येतो, कोण कधी येते, कोण कुणाशी बोलते, एवढेच पाहतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला लोक स्वतःहून विचारतात की हे कशासाठी. त्या प्रश्नाचे एका वाक्यातले खरे उत्तर तुमच्याजवळ तयार हवे. ‘आपल्या शहरातली रोजची कामे टिपून ठेवतो आहे, तुमचा फोटो चांगला आला तर तुम्हाला देईन’ हे माझे उत्तर आहे, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग पाळला तरच पहिल्याला किंमत येते.

एका सायकल दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांची गोष्ट सांगतो. मी त्यांच्या दुकानासमोर उभा राहिलो की ते हातातला पाना खाली ठेवून, पाठ ताठ करून कॅमेऱ्याकडे पाहत. मी तसाच फोटो काढी, आभार मानी आणि निघे, कारण त्यांना स्वतःला जसे दाखवायचे आहे तसा एक फोटो त्यांना मिळणे हा त्यांचा हक्क आहे असे मला वाटते. तिसऱ्या आठवड्यात मात्र ते बेसावध असताना त्यांच्या हातांचा एक फोटो मिळाला, आणि चौथ्या आठवड्यात मी त्या दोन्ही फोटोंचे प्रिंट नेऊन दिले. उभ्या फोटोकडे त्यांनी एकदा पाहिले आणि तो खिशात ठेवला. हातांचा फोटो मात्र उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “हात बरे आलेत, पण पंक्चर कुठे आहे ते कळत नाही. ट्यूब पाण्यात धरली की या बाजूला या, बुडबुडे तिथूनच दिसतात.” पुढच्या वेळी ते ज्या बाजूला म्हणाले होते तिथे मी गुडघ्यावर बसलो. घमेल्यातल्या काळ्या पाण्यावर दाराचा उजेड पडला होता, ट्यूबवर त्यांचा अंगठा होता आणि त्याच्या नखाजवळून बारीक बुडबुड्यांची एक सरळ रेघ वर येत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही, कारण ते पंक्चर शोधत होते. २०० मिलिमीटरच्या लेन्सने रस्त्यापलीकडून मला तो बुडबुडा कधीच मिळाला नसता, आणि मुख्य म्हणजे तो पाहायचा असतो हेच मला ठाऊक नव्हते.

प्रिंट देण्यावर मी इतका भर का देतो ते यावरून लक्षात येईल. फोनवर पाठवलेला फोटो दुसऱ्या दिवशी इतर शंभर संदेशांखाली जातो. कागदावरचा फोटो भिंतीवर लागतो, काउंटरच्या काचेखाली जातो, येणारे-जाणारे विचारतात आणि तुमची ओळख तुमच्या गैरहजेरीत होत राहते. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या बामाको शहरातले छायाचित्रकार मलिक सिदिबे यांनी १९६० च्या दशकात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली. शनिवारी रात्री ते तरुणांच्या नाचाच्या मेजवान्यांना जात, कधी एका रात्रीत अनेक ठिकाणी, परत येऊन फिल्म धूत आणि छोटे प्रिंट पुठ्ठ्यांवर चिकटवून स्टुडिओबाहेर लावत, म्हणजे मेजवानीला आलेल्यांनी स्वतःला शोधावे आणि हवा तो फोटो मागवावा. आज ते फोटो जगभरच्या संग्रहालयांत आहेत, परंतु त्यांतला मोकळेपणा आला तो, माझ्या मते, नाचणाऱ्यांना हा फोटो सोमवारी आपल्याच हातात येणार आहे हे ठाऊक असल्यामुळे.

जवळून काम करायचे म्हणजे तंत्रही त्याला साजेसे हवे. पूर्ण फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर मी बहुतेक वेळा ३५ मिलिमीटरची एकच लेन्स वापरतो. तुमचा सेन्सर लहान, एपीएस-सी असेल तर साधारण २३ मिलिमीटरची लेन्स तेच काम करते. दिवसा अॅपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेड आत सोडणारे छिद्र, एफ/८ वर आणि फोकस ३ मीटरवर हाताने लावून ठेवला तर ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर जवळजवळ २ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे रेखीव येते, आणि कॅमेरा फोकस शोधत असताना निसटणारा क्षण वाचतो. शटर १/२५० सेकंदावर ठेवले तर चालणारी माणसे स्थिर येतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, कॅमेऱ्याला ठरवू द्यावा. तीन मीटर म्हणजे किती हे डोळ्यांना शिकवायला हवे: घरात जमिनीवर खडूने तीन मीटरवर रेघ मारून तिथे कुणाला तरी उभे करा आणि तो माणूस फ्रेममध्ये डोक्यापासून कुठपर्यंत मावतो ते पाहून ठेवा. आठवडाभरात अंदाज बसतो.

दुसरी अडचण समारंभांची, आणि तिच्याबद्दल मला अधिक बोलायचे आहे, कारण लहान शहरात वर्षातले तेच दोन-चार दिवस असे असतात की सगळे शहर एकाच रस्त्यावर उतरते.

तुमचे चारशे फोटो एकमेकांसारखे दिसतात याचे कारण बहुधा असे की ते सगळे एकाच दिशेने काढलेले आहेत. मिरवणूक पुढून येते, आपण तिच्याकडे तोंड करून उभे राहतो, आणि शेजारचे पन्नास फोन जे टिपतात तेच आपणही टिपतो. १९३७ मध्ये लंडनला सहाव्या जॉर्ज राजाचा राज्याभिषेक झाला तेव्हा एका फ्रेंच वृत्तपत्रासाठी छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ तिथे गेले होते. त्यांनी राजाकडे पाठ फिरवून त्याला पाहायला आलेल्या माणसांचे फोटो काढले. कठड्यावर दाटीने बसलेले, एकमेकांच्या खांद्यांवर चढलेले लोक, आणि त्यांच्या पायाशी वर्तमानपत्रांच्या कचऱ्यात झोपी गेलेला एक माणूस. त्या फोटोंत राजा कुठेच नाही, आणि तरीही तो दिवस कसा होता ते त्यातून कळते. तुम्ही पुढच्या समारंभात एक तास ठरवून मिरवणुकीकडे पाठ करून काम करून पाहा. तुमच्या शहरात याला आणखी एक अर्थ आहे, कारण त्या गर्दीतले निम्मे चेहरे तुम्हाला नावाने ठाऊक असतात. एरवी एकमेकांशी न बोलणारे दोन दुकानदार एकाच कठड्यावर बसलेले दिसले तर ते तुम्हालाच ओळखू येईल, बाहेरून आलेल्या कुणाला नाही.

पण माझे सर्वांत चांगले फोटो मिरवणुकीच्या वेळचे नाहीतच. ते आदल्या रात्रीचे आणि सकाळचे आहेत. समारंभ हा तयारीत असतो तोपर्यंत तो करणाऱ्यांचा असतो. सुरू झाला की तो पाहणाऱ्यांचा होतो, आणि मग प्रत्येकाला आपण दिसतो आहोत याची जाणीव असते. एका सकाळी, मिरवणूक निघायला अर्धा तास असताना, मी एका सभागृहामागच्या खोलीत होतो. तिथे एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पोशाखाची घडी आखूड करत होत्या. तोंडात त्यांनी चार टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हते, आणि मुलगा हलला की त्या नुसत्या भुवया उंचावत. मुलगा श्वास रोखून उभा होता. त्याच्या एका हातात मुकुट होता आणि दुसरा हात तोल सांभाळायला त्यांच्या डोक्यावर टेकलेला होता. त्या हाताचा फोटो मी त्या दोघांच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीवर बसून काढला. अर्ध्या तासाने तोच मुलगा रथावर उभा राहून हात हलवत होता, आणि तो फोटोही मी काढला, पण तो पहिल्याशेजारी ठेवल्याशिवाय काहीच बोलत नाही.

अशा खोलीत तुम्हाला प्रवेश मिळतो तो आयोजकांना आधी भेटल्यामुळे. आठवडाभर आधी जा, आणि परवानगी मागण्याबरोबर कामाचे प्रश्न विचारा: सामान कुठून निघणार, वाद्ये कुठे तापवणार किंवा जुळवणार, जेवण कोण रांधणार, वीज कुठून घेणार, मिरवणूक कोणत्या वळणावर अडकते, शेवटी आवराआवर कोण करते. ही माहिती देताना माणसे खुलतात, कारण त्यांच्या कष्टांबद्दल सहसा कुणी विचारत नाही. काय टिपायचे नाही हेही त्याच वेळी विचारून घ्या. प्रार्थनेचा एखादा भाग, एखादी खोली, शोक करणारे कुटुंब, कधी एखादी मूर्ती किंवा वस्तू. प्रत्येक समाजात अशी एखादी रेघ असते आणि ती आधी कळली तर त्या क्षणी कॅमेरा खाली करणे हे लोकांच्या लक्षात राहते. समारंभ संपल्यानंतरचा तासही सोडू नका. खुर्च्या रचणारी मुले, रिकामा रस्ता झाडणारे कर्मचारी, पोशाखाच्या अर्ध्या गुंड्या सोडून पायरीवर बसलेला वादक. त्या वेळी सगळे थकलेले असतात आणि कुणालाच कसे दिसायचे याची फिकीर उरलेली नसते.

उजेडाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण संध्याकाळच्या समारंभांत फोटो बिघडतात ते बहुधा इथेच. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा जो काळ असतो, त्यात आकाशाचा निळा उजेड आणि दिव्यांचा पिवळा उजेड काही मिनिटे जवळजवळ समसमान होतात. विषुववृत्ताजवळ हा काळ वीस-पंचवीस मिनिटांचाच असतो, उत्तरेला किंवा दक्षिणेला जसजसे जावे तसतसा तो लांबतो. या वेळात रोषणाईही दिसते आणि माणसांचे चेहरेही दिसतात. एकदा आकाश काळे झाले की दोन्हींपैकी एकच मिळते. म्हणून त्या वेळी कुठे उभे राहायचे ते मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवतो. आकाश काळे झाल्यावर कॅमेरा काळ्या भागाला भुलून फोटो अधिक उजळ करू पाहतो आणि दिवे पांढरे फटक होतात. तेव्हा एक्सपोजर एक ते दीड स्टॉप कमी करून (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये टिपावे. रंगीत एलईडीच्या झोतात लाल किंवा निळा रंग एकटाच इतका भडकतो की त्यातले तपशील हरवतात, आणि साध्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या वाटणीच्या आलेखात, ते दिसत नाही, त्यासाठी तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम पाहावा लागतो. फोटोत आडवे पट्टे येत असतील तर दोष कॅमेऱ्याचा नसतो. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा आणि ६० हर्ट्झवर १२० वेळा कमीजास्त होतात, आणि आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर फ्रेम ओळीओळीने वाचत असल्यामुळे ती चढउतार पट्ट्यांच्या रूपाने दिसते. यांत्रिक शटर लावा आणि वेग ५० हर्ट्झच्या प्रदेशात १/५० किंवा १/१००, तर ६० हर्ट्झच्या प्रदेशात १/६० किंवा १/१२० ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते.

वाद्ये आणि नाच यांच्या बाबतीत तुम्हाला काय दाखवायचे आहे ते आधी ठरवा. १/१००० ला ढोलाची काठी हवेत गोठते आणि वादक पुतळ्यासारखा दिसतो. मला १/३० च्या आसपासचा वेग आवडतो: चेहरा त्या क्षणी स्थिर असेल तर तो रेखीव येतो आणि हात फेसासारखे विरघळतात. दहांतले आठ फोटो वाया जातात हे मान्य करूनच हे करावे. फ्लॅश मी समारंभात क्वचितच वापरतो, आणि वापरला तर मागच्या पडद्याच्या सिंकवर, म्हणजे शटर बंद होण्याच्या क्षणी चमकेल असा, त्यामुळे हालचालीची रेघ माणसाच्या मागे पडते. प्रार्थनेच्या जागी, प्राण्यांजवळ आणि आगीचे खेळ करणाऱ्यांसमोर तो कधीच वापरत नाही, कारण तिथे एका क्षणाची अंधारी कुणाला तरी इजा करू शकते.

गर्दीत स्वतःकडेही लक्ष असू द्या. एका चौरस मीटरमध्ये पाचहून अधिक माणसे दाटली की पाऊल कुठे टाकायचे ते आपल्या हातात राहत नाही. व्ह्यूफाइंडरला लागलेला डोळा हे सगळ्यात उशिरा ओळखतो, म्हणून दाटी वाढू लागली की मी कॅमेरा छातीशी घेतो आणि कडेला निघतो.

आता संमतीचा विषय. सार्वजनिक जागी फोटो काढणे आणि तो प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायदा देशागणिक बदलतो. क्यूबेकमध्ये एका सतरा वर्षांच्या मुलीचा पायरीवर बसलेला फोटो तिला न विचारता एका मासिकात छापला गेला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला आणि भरपाई कायम केली. याउलट छायाचित्रकार फिलिप-लॉर्का दिकोर्सिया यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर टिपलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी धर्मश्रद्धेच्या कारणावरून हरकत घेतली तेव्हा तिथल्या न्यायालयाने २००६ मध्ये तो फोटो कलाकृती मानून दावा फेटाळला. तुमच्या देशातला नियम तुम्ही नीट वाचून घ्या, विशेषतः लहान मुलांबद्दलचा. पण लहान शहरात कायद्याच्या आधी एक वेगळीच मोजपट्टी लागते: हा फोटो ज्याचा आहे, त्याला ओळखणारी माणसे तो पाहणार आहेत.

हे मी चुकीतून शिकलो. एका समारंभात रंगांत न्हाऊन हसणाऱ्या एका तरुणाचा फोटो मी त्याच रात्री सर्वांना दिसेल असा प्रसिद्ध केला. फोटो चांगला होता आणि कायद्याने त्यात काहीच गैर नव्हते. दोन दिवसांनी तो तरुण माझ्याकडे आला. त्याच्या घरात महिन्यापूर्वीच मृत्यू झाला होता, मित्रांनी ओढून नेले म्हणून तो अर्धा तास गेला होता, आणि आता नातेवाईक त्याच्या आईला बोलत होते. तो रागावला नव्हता, फक्त फोटो काढून टाकाल का असे विचारत होता. मी लगेच काढला, पण तोवर ज्यांनी पाहायचा त्यांनी तो पाहिला होता. मोठ्या शहरात तो फोटो एका अनोळखी तरुणाचा आनंद झाला असता. आमच्याकडे तो साक्ष झाला. तेव्हापासून ज्या फोटोत एक माणूस ठळक ओळखू येतो तो मी त्याला दाखवल्याशिवाय बाहेर देत नाही, मुलांचा फोटो आई-वडिलांच्या होकाराशिवाय देत नाही, आणि फोटोबरोबर जाणारी जीपीएसची, म्हणजे तो नेमका कुठे काढला त्याची नोंद आधी काढून टाकतो. यामुळे काही उत्तम फोटो माझ्या कपाटातच राहिले आहेत. ते नष्ट करायची मात्र गरज नाही; दहा वर्षांनी तोच माणूस तोच फोटो मागायला येतो असे माझ्याबाबतीत एकाहून अधिक वेळा घडले आहे.

म्हणूनच नोंदी ठेवा. त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, प्रत्येक ठेवण्याजोग्या फोटोच्या आयपीटीसी मथळ्यात, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवल्या जाणाऱ्या माहितीच्या रकान्यात, तारीख, जागा, चाललेले काम, आणि माहीत असतील व चालणार असतील तर नावे लिहा, संमती कशी मिळाली तेही लिहा. लहान शहरात दुकानाची पाटी बदलते, झाड तोडले जाते, वाड्याच्या जागी इमारत येते, आणि त्याचे फोटो दुसऱ्या कुणी काढलेले नसतात. फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत ठेवा.

राहिला प्रश्न लेन्सचा. व्यासपीठावरचा कार्यक्रम, मैदानी स्पर्धा, किंवा जिथे कठड्यापलीकडे जाण्यास मनाई आहे अशी जागा, इथे ७०-२०० लागतेच, आणि तिथे तिच्याबद्दल कुणाला वावगेही वाटत नाही, कारण तुम्ही लांब का आहात ते सर्वांना दिसत असते. असा दिवस वर्षात एक-दोनदा येत असेल तर ती भाड्याने घ्या. ते पैसे सध्या प्रिंटवर खर्च करा: वर्षभरात काढलेल्यांपैकी तीस फोटो निवडा, त्यांचे साधे प्रिंट करून घ्या, आणि ज्यांचे आहेत त्यांना या महिन्यात एकेक करून नेऊन द्या. देताना कॅमेरा बरोबर असू द्या, पण पिशवीत. कोण तो फोटो पाहून काय बोलते ते वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या महिन्यात कुठे, कोणत्या वेळी, कोणत्या बाजूला जाऊन बसायचे ते त्या वहीतून ठरवा.